म्हातारीच्या सोबतीला कोण?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण, थोडी भर घालून)

संयोजक ताईंनी फोनवर विषय सांगितला, ‘वृद्धांवरचे द्वेषमूलक गुन्हे आणि वस्तीपातळीवरचं संरक्षण’. मी पटकन हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर विचारात पडले. मी नऊ वर्षं सातपुड्याच्या पायथ्याशी काम करते आहे. आमच्याकडे असे शब्द कुणी वापरत नाही. आमच्याकडे एवढंच कानावर येतं, ‘त्या पाड्यावरच्या डोकरीचं नाव निघालंय.’ नाव निघालंय म्हणजे काय, ते लहान पोरालाही कळतं. घरात कुणी आजारी पडलं, मूल दगावलं, गाय आटली, की घरचे बडव्याकडे जातात. तो दाणे पाहतो आणि त्यात ‘डाकीण’ दिसते. ती बहुतेक वेळा कुणाची तरी म्हातारी विधवा काकी असते, नाहीतर एकटी राहणारी शेजारीण असते.

मी आज तिच्याबद्दलच बोलणार आहे. हा आदिवासींचा प्रश्न आहे, आपला नाही, असं कुणाच्या मनात येत असेल तर आधी तेवढं बाजूला ठेवा. करणी, मूठ, चेटूक, भानामती हे शब्द कोकणात आहेत, मराठवाड्यात आहेत, मुंबईच्या चाळीतही आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात भर गावात ज्यांना बांधून मारलं, ती दलित कुटुंबांतली माणसं होती. त्यात बायका होत्या, म्हातारी माणसं होती. २०२४ चं वर्ष संपता संपता मेळघाटातल्या एका गावात सत्तरी ओलांडलेल्या बाईला चटके देऊन, चपलांची माळ घालून तिची धिंड काढल्याची बातमी आली. जानेवारीत घरच्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन दाद मागितली, तेव्हा ती बाहेर फुटली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ सालात जादूटोण्याच्या संशयावरून झालेले ८५ खून देशभरात नोंदलेले आहेत. हे फक्त खून. मार खाऊन जगलेल्या, गावातून हाकललेल्या, पाणी बंद झालेल्या बायका त्यात नाहीत. त्या कुठल्याच तक्त्यात नाहीत.

आता ‘द्वेष’ या शब्दाकडे येते. सुरुवातीला मला तो पटत नव्हता. एमएसडब्ल्यू करून आले तेव्हा मीही याला अंधश्रद्धाच म्हणायची. अंधश्रद्धा म्हटलं की उपाय ठरलेला असतो. गावात जायचं, नारळातून करणी काढून दाखवायची, हात न लावता अग्नी पेटवून दाखवायचा, त्यामागचं रसायन सांगायचं. लोक टाळ्या वाजवतात. ही प्रात्यक्षिकं मीही केली आहेत आणि ती वाईट नाहीत. पण हळूहळू एक गोष्ट खटकायला लागली. बडव्याच्या दाण्यात नाव कुणाचं निघतं? चार भाऊ पाठीशी असलेल्या तरण्या सुनेचं निघत नाही. सरपंचाच्या आईचं निघत नाही. निघतं ते जिला मूलबाळ नाही, किंवा मुलगा गुजरातेत गेलाय तो परतलाच नाही, जिचा नवरा वारलाय, जिला कमी दिसतं, जी स्वतःशी पुटपुटते, तिचं. अडाणीपणाला एवढी अचूक निवड करता येत नाही. कुणावर हात उचलला तर कुणी विचारायला येणार नाही, याचा हिशोब गावाला असतो. तो हिशोब बाईच्या, म्हाताऱ्या बाईच्या आणि एकट्या बाईच्या तिरस्कारावर उभा असतो. म्हणून आता मी द्वेष हा शब्द मान्य करते.

कायद्यानेही हे थोडंफार ओळखायला सुरुवात केली आहे. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम १०३ मध्ये पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, लिंग, भाषा, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणावरून केलेल्या खुनाला वेगळी तरतूद आहे. त्या यादीत वय नाही. परदेशातही बऱ्याच ठिकाणी वय वगळलेलंच असतं. स्कॉटलंडने २०२१ च्या कायद्यात ते घातलं. पण मला यादीपेक्षा वेगळीच काळजी आहे. हे कलम खून झाल्यावरचं आहे. डोकरी जिवंत असताना काय करायचं?

थोडं जमिनीबद्दल बोलायला हवं, कारण त्याशिवाय ही गोष्ट अर्धी राहते. १९५६ चा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. तिथे रूढी चालते. रूढीप्रमाणे बऱ्याच ठिकाणी विधवेला नवऱ्याच्या जमिनीवर हयातभर कसून खाण्याचा हक्क असतो आणि तिच्यानंतर ती जमीन दिराकडे, पुतण्याकडे जाते. म्हणजे ती जितकी जास्त जगेल तितकी पुतण्याची वाट लांबते. गोविंद केळकर आणि देव नाथन यांनी झारखंडच्या भागात अभ्यास करून हा धागा फार पूर्वीच दाखवला आहे. आमच्याकडे त्यात आणखी एक भर पडली. २००६ च्या वनहक्क कायद्याने पट्टा नवराबायको दोघांच्या नावाने मिळतो. ही चांगली तरतूद आहे, आपल्या चळवळीने मागितलेली. पण नवरा गेल्यावर कागदावर एकट्या म्हातारीचं नाव उरतं आणि घरात कुजबुज सुरू होते. प्रत्येक प्रकरणात जमीन असतेच असं मी म्हणणार नाही. कधी कोंबडीवरून झालेलं भांडण पुरतं. पण नाव निघालं असं कळलं की मी पहिल्यांदा तलाठ्याकडे जाऊन सातबारा बघते, आणि पुष्कळदा उत्तर तिथेच असतं.

आता माझ्या चुकीची गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्याचा मला हक्क नाही.

माझ्या कामाचं दुसरं वर्ष. जुलै महिना. एका गावात आठ दिवसांत दोन मृत्यू झाले, एक पोर तापाने गेलं आणि एक तरणा माणूस पोटदुखीने. तिसऱ्या दिवशी रात्री एका सत्तरीच्या आजीला घरातून ओढून बाहेर काढलं, चिंचेच्या फोकांनी मारलं. दात पडला, मनगट मोडलं. आम्हाला दोन दिवसांनी कळलं. आम्ही धावलो. पोलीस ठाण्यात बसून राहिलो, गुन्हा नोंदवून घेतला, आजीला दवाखान्यात नेलं. मग गावाची बैठक लावली. मोठी बैठक झाली. पुढारी आले, अधिकारी आले, भाषणं झाली. मीही बोलले. गावाने शंभर रुपयांच्या स्टँप पेपरवर लिहून दिलं की पुन्हा असं होणार नाही. पंचांचे अंगठे झाले. आजीला साडीचोळी दिली, तिचा सत्कार केला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. आणि मी अहवालात लिहिलं, ‘यशस्वी हस्तक्षेप’.

दिवाळीनंतर मी त्या बाजूला गेले तर आजीच्या झोपडीची कडी तारेने बांधलेली. अंगणात पुतण्याचा मका वाळत पडलेला. विचारलं तर म्हणाले, ‘ती पोरीकडे गेली, आपल्या खुशीने.’ मी लेकीचं गाव शोधत गेले. आजी गोठ्याशेजारी एका बाजेवर बसलेली होती. जावयाच्या घरात राहण्याची लाज तिच्या बसण्यातच दिसत होती. मी म्हटलं, ‘आजी, का आलीस? सगळ्यांनी माफी मागितली होती ना?’ ती म्हणाली, ‘मागितली ना. कुणी एक शब्द वाकडा बोललं नाही. पण मी हापशावर गेले की हापसा रिकामा व्हायचा.’

मैत्रिणींनो, हे वाक्य मी आजवर विसरलेले नाही. तिला कुणी पाणी भरायला मनाई केली नव्हती. फक्त सगळ्याजणी हंडे उचलून निघून जायच्या. त्याची फिर्याद कुठल्या कलमाखाली द्यायची? सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पण हापसा रिकामा होणं कोण सिद्ध करणार? आम्ही त्या गावात पोलीस नेले, पुढारी नेले, पत्रकार नेले. तिच्याबरोबर पाण्याला जाईल अशी एक बाई मात्र आम्ही शोधली नाही. आम्ही खटला उभा केला आणि माणूस एकटं ठेवलं. तो खटलाही पुढे टिकला नाही. साक्षीदार सगळे त्याच गावचे.

त्यानंतर आमची कामाची पद्धत बदलली, तीही एकदम नाही. मला कुणी ‘मॉडेल’ विचारतं तेव्हा मी गप्प बसते, कारण जे काही जमलं ते एका पाड्यावर, एका पावसाळ्यात, चार बायकांमुळे जमलं.

तिथे खबर लवकर कळली, हीच मोठी गोष्ट. आशाताई महिन्याच्या बैठकीला आली तेव्हा सहज म्हणाली की अमुक घरच्या सुनेने बाळाला मालिश करायला डोकरीकडे पाठवणं बंद केलंय. ही डोकरी पाड्याची दाई. निम्म्या पाड्याची नाळ तिने कापलेली. मी विचारलं, आणखी काय दिसतं? मग एकेक निघायला लागलं. हळदीला तिला बोलावणं नव्हतं. तिने कुणाकडे मीठ मागितलं तर ‘संपलंय’ म्हणाले. ती वाटेने आली की आया पोरांना आत घेतात. तुमच्यापैकी ज्या अशा भागात काम करतात त्यांनी या खुणा लक्षात ठेवाव्यात. मीठ, विस्तव, पाणी आणि लहान मूल या चार गोष्टींपासून बाईला तोडायला लागले की नाव निघालेलं असतं किंवा निघण्याच्या बेतात असतं. पहिल्या कुजबुजीपासून पहिल्या काठीपर्यंत बहुधा काही आठवडे मिळतात. आपल्या हातात काय ते तेवढेच दिवस असतात.

त्या पाड्यावर एका घरात चार वर्षांचा मुलगा गेला होता. आधीची दोन मुलंही अशीच गेलेली. आई वेडीपिशी झाली होती. बडव्याकडे दाणे पाहून झाले होते, नाव अजून उघड झालं नव्हतं. मी आधी डोकरीकडेच निघाले होते. आमच्या गटातली एक वयस्क बाई, स्वतः कधी शाळेत न गेलेली, मला म्हणाली, ‘ताई, आधी तिच्या घरी नको. आधी त्या आईच्या घरी चल.’

मला ते तेव्हा समजलं नाही, आज समजतं. आपण पीडितेच्या भोवती कडं करतो आणि कड्याच्या बाहेर जे उरतात त्यांना गुन्हेगार ठरवतो. पण ज्या बाईची तीन मुलं गेली तिला कुणीतरी उत्तर द्यायला हवं होतं. बडव्याने दिलं. आम्ही कुणी दिलं नव्हतं. आरोग्य केंद्रानेही दिलं नव्हतं. तिथे मूल गेलं की कागदावर ‘ताप’ लिहितात आणि विषय संपतो. आम्ही त्या घरी जाऊन बसलो. पहिल्या दिवशी काहीच बोललो नाही. ती रडली, आम्ही बसलो. तिसऱ्या खेपेला नवराबायको दोघं रक्त तपासायला तयार झाले. दोघंही सिकलसेलचे वाहक निघाले. आमच्या भागात हा आजार खूप आहे, आणि आईबाप दोघं वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला तो आजार होण्याची शक्यता चारात एक असते. एक तरुण डॉक्टर त्यांच्या ओट्यावर येऊन बसला, मक्याचे पांढरे आणि लाल दाणे घेऊन त्याने ते समजावलं. दाणे बडव्याचे आणि हिशोब डॉक्टरचा, हे बघून मला हसूही आलं आणि बरंही वाटलं.

त्या आईला ते पटलं का? मला नाही वाटत पूर्ण पटलं. ती एवढंच म्हणाली, ‘डॉक्टर म्हणतो ते असेलही. मी तिचं नाव घेणार नाही.’ मला तेवढं पुरे होतं. तिच्या मनातलं सगळं जाळं झाडून काढायला मी गेले नव्हते.

मग बडव्याचा प्रश्न. इथे माझं आणि काही मित्रांचं पटत नाही आणि ते मी लपवणार नाही. त्यांचं म्हणणं, बडव्याशी बोलणी करणं म्हणजे त्याची गादी मान्य करणं. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण त्या पाड्यावर दवाखाना नदीपलीकडे आहे आणि बडवा अलीकडे आहे. पावसाळ्यात नदी भरली की कोण उरतं? आमच्या गटातल्या एका बाईचा तो चुलत मामा. तिने त्याला गाठलं आणि म्हणाली, ‘मामा, दाण्यात काय दिसायचं ते दिसू दे, पण बाईचं नाव तुझ्या तोंडून निघालं तर पहिला तुरुंगात तू जाशील.’ तो म्हणाला, ‘वाऱ्याचं आहे म्हणेन.’ आणि खरंच त्याने वारा लागला असं सांगितलं. वारा लागला हेही खोटंच आहे, मला कळतं. पण वाऱ्याला कुणी फोकांनी मारत नाही.

तिची ती धमकी पोकळ नव्हती, आणि याचं श्रेय कायद्याला आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले त्याचा वटहुकूम त्यानंतर काही दिवसांत निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. करणी केली म्हणून मारणं, धिंड काढणं, रोजच्या व्यवहारावर बंदी घालणं हे तर त्यात आहेच. पण अमुक व्यक्ती जनावरांचं दूध आटवते, अपशकुनी आहे, रोगराई पसरवते असं पसरवून तिचं जगणं मुश्कील करणं हासुद्धा त्यात गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच हजार ते पन्नास हजार दंड, आणि गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र. म्हणजे काठी पडण्याची वाट बघायची गरज नाही, नाव घेतलं इथेच गुन्हा सुरू होतो. ठाण्यात गेलात तर ‘अजून काही घडलं नाही ना, मग कशाला आलात’ असं ऐकावं लागेल. आम्हालाही एका ठाण्यात ते ऐकावं लागलं. तेव्हा लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि शांतता राखण्याचे बॉण्ड लिहून घेण्याची मागणी करा. अर्जाचा कागद गावात फिरला तरी अर्धं काम होतं.

अॅट्रॉसिटीच्या कायद्यातही २०१५ च्या दुरुस्तीने चेटकीण ठरवण्याचा गुन्हा आला आहे. पण तो आरोपी दलित-आदिवासी नसेल तेव्हाच लागतो. आमच्या पाड्यांवर मारणारे आणि मार खाणारी एकाच जमातीचे असतात, म्हणून तो आमच्या उपयोगी पडत नाही. जिवतीसारख्या ठिकाणी आरोपी कोण आहेत ते बघून त्याचा विचार करावा लागतो.

आता त्या चार बायकांबद्दल सांगते. आशाताई, बचत गटाची अध्यक्षा, रेशन दुकानदाराची बायको आणि ती शाळेत न गेलेली वयस्क बाई. त्यांनी काय केलं? ऐकायला फार साधं आहे. एक रोज तिच्याबरोबर पाण्याला जायची. बाकी बायका निघून गेल्या तरी ही थांबायची, तिचा हंडा डोक्यावर चढवून द्यायची. दुसरी सकाळी तिच्या घराकडे बघायची, चुलीचा धूर निघाला की नाही. तिसरी तिच्याकडून उसनं मीठ मागून आणायची, मुद्दाम, चारचौघांसमोर. डोकरीला मीठ देणं वेगळं आणि तिच्या हातचं मीठ खाणं वेगळं. आणि आशाताईने आपल्या नातवाला मालिशसाठी तिच्याकडे नेलं. हे करताना तिच्या सुनेने घरात भांडण काढलं, दोन दिवस चूल वेगळी मांडली. ती सून वाईट नव्हती, तिला खरोखर भीती वाटत होती. आशाताईला वाटत नव्हती का? मी विचारलं होतं. ती म्हणाली, ‘वाटली की. रात्रभर पोराच्या छातीला कान लावून बसले.’

करोनाच्या काळात, २०२१ मध्ये, अमेरिकेत आशियाई चेहऱ्याच्या म्हाताऱ्या माणसांवर रस्त्यात हल्ले होत होते. तेव्हा ओकलंडच्या चायनाटाऊनमध्ये स्वयंसेवक अशा आजीआजोबांबरोबर बाजारात, बँकेत चालत जायला लागले. ते वाचलं तेव्हा मला आमचा हापसा आठवला. सोबत ही गोष्ट सगळीकडे सारखीच दिसते.

डोकरीच्या माहेरची माणसं हा आपल्याकडचा आणखी एक आधार, तो आपण विसरतो. साठसत्तर वर्षांच्या बाईला माहेर कसलं, असं आपल्याला वाटतं. पण भाचे असतात. आम्ही निरोप पाठवला आणि तिचे दोन भाचे मोटारसायकलवर येऊन तिच्या ओट्यावर दिवसभर बसून गेले. काही बोलले नाहीत. गावाने फक्त बघितलं की हिला विचारणारी माणसं आहेत.

पेन्शनचाही असाच उपयोग झाला. श्रावणबाळ योजनेचे दरमहा पंधराशे रुपये तिला मिळतात, पण ते पुतण्या काढून आणायचा. आम्ही तिला दर महिन्याला बँकेत न्यायला लागलो. पैसे तिच्या हातात आले हे एक, आणि महिन्यातून एकदा कुणीतरी तिला गावाबाहेर भेटतं, तिचं अंग बघतं, तिला एकटीला विचारतं, हे दुसरं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखालच्या नियमांत पोलिसांनी एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी ठेवायची असते. आमच्या भागात मी ती यादी मागितली तर तालुक्याच्या गावातल्या निवृत्त शिक्षकांची नावं निघाली. पाड्यांवरची एकही नाही. आता ती आम्हीच करतो, एका वहीत, आणि ठाण्यात नेऊन देतो.

एक गोष्ट आपल्यातल्या आपल्यात बोलायला हवी. मारणाऱ्यांत बायका असतात. फोक मोडून देणाऱ्या असतात, ‘ओढा तिला’ म्हणणाऱ्या असतात. आपल्या व्यासपीठावरून हे बोलायला आपण कचरतो. पुरुषसत्ता हे त्याचं कारण आहे हे खरंच, पण तेवढं म्हणून पुढे सरकता येत नाही. त्या बाईलाही माहीत असतं की आज आपण बोट दाखवलं नाही तर उद्या बोट आपल्याकडे वळेल. आणि आपल्या संघटनांचंही थोडं चुकतं. आपण मारहाण होणाऱ्या सुनेबरोबर उभ्या राहिलो, बरोबरच केलं. सासू मात्र आपल्या पथनाट्यात कायम खलनायिका राहिली. ती म्हातारी झाल्यावर तिचं काय होतं, हे बघायला आपण गेलो नाही. झारखंडच्या छुटनी महतो यांना १९९५ मध्ये डायन ठरवून मारलं, घर सोडायला लावलं. पुढे त्याच अशा बायकांच्या मदतीला उभ्या राहिल्या. आसामच्या बीरुबाला राभा गावोगाव फिरून माणसं वाचवत राहिल्या, २०२४ मध्ये त्या गेल्या. दोघींनाही २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. शिकल्या-सवरलेल्या कार्यकर्त्या तिथे पोचण्याच्या आधी या बायका पोचल्या होत्या.

शेवटी, जे आम्हाला अजून जमलेलं नाही ते सांगते. दिवाळी झाली की आमचे पाडे रिकामे होतात. माणसं गुजरातेत ऊसतोडीला जातात, ती होळीला परततात. त्या चार बायकांपैकी दोघी जातात. मागे उरतात ती म्हातारी माणसं आणि काही पोरं. त्या चार महिन्यांत सोबत कोण करणार? आणि होळीला लोक परततात तेव्हा बरोबर हिशोबाची भांडणं, आजारी पोरं आणि दारू घेऊन येतात. तो आठवडा सगळ्यात वाईट. गेल्या वर्षी आम्ही दोन पाड्यांतल्या तीन डोकऱ्यांना हिवाळ्यात एका घरात राहायला सुचवलं. दोघी तयार झाल्या. तिसरी म्हणाली, ‘मी घर सोडलं की पुतण्या दार बांधून टाकेल.’ तिचं बरोबर होतं. मग त्या दोघीच उठून तिच्या घरी राहायला गेल्या. पाड्यावर मोबाईलची रेंज नाही, टेकडीवर चढावं लागतं. तिथपर्यंत धावत जाईल असा सातवीतला एक मुलगा आम्ही नेमला आहे, आणि त्याच्याकडे माझा, आशाताईचा आणि ठाण्याचा असे तीन नंबर लिहून दिलेत. यंदा तो आठवीला आश्रमशाळेत चालला आहे. त्याच्या जागी कोण, ते दिवाळीच्या आत ठरवायचंय.